आतषबाजी, व्हीलचेअर आणि पुढचे दोन मीटर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना घेतलेले 'म्हणजे... म्हणजे...' काढून टाकलेत, बाकी फारसा हात लावलेला नाही.

सुरुवात २ नोव्हेंबर २०२५च्या रात्रीपासून करते. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसामुळे उशिरा सुरू झालेला सामना मध्यरात्रीपर्यंत लांबला होता. आम्ही घरी टीव्हीसमोर. दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी, दीप्ती शर्माचा चेंडू, डी क्लर्कचा फटका हवेत आणि हरमनप्रीत मागे पळत जाऊन झेल घेते. भारत ५२ धावांनी जिंकला. आमच्या सोसायटीत खाली फटाके सुरू झाले, आई देवाला साखर ठेवायला उठली, आणि थोड्या वेळाने टीव्हीवर प्रतीका रावल दिसली. व्हीलचेअरवर, अंगावर तिरंगा. बरोबर आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला, त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय दुखावला होता. तिला खुर्चीसकट संघाच्या मधोमध आणलं. मध्येच ती खुर्चीतून उठून नाचलीसुद्धा.

माझी ताई व्हीलचेअर वापरते, गेली सहा वर्षं. ती हसून म्हणाली, "हिला आज स्टेडियममधली सगळ्यात भारी जागा मिळाली बघ. पुढे कोणीच नाही."

मी म्हटलं, "तुलापण दसऱ्याला मिळाली होती की, एकदम पुढची."

त्यावर ती जे बोलली, त्यामुळे हा भाग केला. ती म्हणाली, "मला त्या दिवशी काहीही दिसलं नव्हतं. तू मागून 'वॉव' म्हणालीस की मला कळायचं, आत्ता मोठा फुटला."

त्याच्या बरोबर एक महिना आधी, २ ऑक्टोबरला, आम्ही एका मैदानावर रावणदहन बघायला गेलो होतो. मैदान कुठलं ते सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका मैदानाचा नाही. स्वयंसेवक मुलं फार चांगली होती. त्यांनी गर्दीतून वाट काढून दिली, खुर्ची दोरीजवळ नेली, "ताई, इथे बसा, मस्त दिसेल" म्हणाले. मी खुर्चीच्या मागे उभी. कार्यक्रम सुरू झाला तशी दोरी सैल पडली, बाजूची माणसं सरकत सरकत पुढे आली आणि ताईच्या पुढ्यात उभी राहिली. मी उभी होते, मला त्यांच्या खांद्यांमधून आणि डोक्यांवरून सगळं दिसत होतं. मी चक्क व्हिडिओ काढत होते. घरी येऊन ताईने तो व्हिडिओ दोनदा बघितला, तेव्हा मला वाटलं की तिला फार आवडला. ती पहिल्यांदाच बघत होती, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी सॉफ्टवेअरवाली आहे. लाज वाटली की मोजायला बसते. तर आम्ही मोजलं.

ताई तिच्या खुर्चीत बसली असताना जमिनीपासून तिच्या डोळ्यांची उंची ११५ सेंटीमीटर भरली. (मोजपट्टी आईच्या शिवणाच्या डब्यातली, त्यामुळे इकडेतिकडे एखादा सेंटीमीटर माफ करा.) पुढे उभा असलेला माणूस १७० सेंटीमीटरचा धरू. म्हणजे ताईच्या डोळ्यांपेक्षा त्याचं डोकं ५५ सेंटीमीटर वर. आता तो माणूस किती पुढे उभा आहे, यावर सगळा खेळ आहे. तो एक मीटर पुढे असेल, तर ताईची नजर त्याच्या डोक्यावरून जाताना दर मीटरला ५५ सेंटीमीटर चढते. समोरच्या वस्तूपर्यंतचं अंतर गुणिले ०.५५, अधिक तिच्या डोळ्यांची उंची. त्याच्या खालचं सगळं झाकलेलं. शाळेतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही.

दसऱ्याच्या रात्रीचं गणित यात घालू. रावण आमच्यापासून साठेक मीटरवर होता. गर्दी चिकटून, म्हणजे पुढचा माणूस जेमतेम अर्ध्या मीटरवर. अर्ध्या मीटरला ५५ सेंटीमीटर म्हणजे दर मीटरला १.१ मीटर चढ. साठ मीटरवर ते होतात ६६, अधिक डोळ्यांची उंची, म्हणजे ६७ मीटर. ताईच्या दृष्टीने त्या जागी जमिनीपासून ६७ मीटरपर्यंत काहीच अस्तित्वात नव्हतं. दुकानात मिळणारे ते शॉटचे खोके असतात ना, त्यातले शॉट साधारण तीस-चाळीस मीटरवर फुटतात. रावणाचं तर नावच नको. त्या रात्री तिला आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतंच. आणि तिला 'पुढची जागा' मिळाली होती.

आता तोच माणूस दोन मीटर पुढे आहे असं धरा. चढ एक-चतुर्थांश होतो. साठ मीटरवर झाकलेला भाग १८ मीटरच्या आत येतो. शॉट सगळे दिसले असते. रावणाची निदान मधली, सर्वात उंच असलेली डोकी दिसली असती, पुतळा किती उंच त्यावर अवलंबून. तीन मीटर मोकळे मिळाले तर झाकलेला भाग १२ मीटरवर येतो.

म्हणजे प्रश्न 'पुढे बसलो की मागे' हा नाहीच. प्रश्न आहे तुमच्या आणि तुमच्या पुढच्या उभ्या माणसाच्या मध्ये किती जमीन रिकामी आहे.

बरं, इथे आपल्या भाषेनेच केलेली एक वाटणी उपयोगी पडते. भुईनळा आणि भुईचक्र हे भुईवरचे, बाण आणि गोळे हे आकाशातले. कार्यक्रम कुठल्या जातीचा आहे हे आधी ठरवायचं, कारण दोघांसाठी जागा वेगळी लागते.

आकाशातल्यासाठी गणित दयाळू आहे. मोठ्या व्यावसायिक आतषबाजीत नळकांड्यांतून गोळे उडवतात, आणि त्यांचा ढोबळ हिशोब असा की गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला शंभर फूट उंची. तीन इंची गोळा ३०० फूट, म्हणजे नव्वदेक मीटरवर फुटतो. लोकांनी किती लांब राहायचं याचाही अमेरिकेतल्या मानकात हिशोब आहे, दर इंचाला ७० फूट, म्हणजे त्याच गोळ्यासाठी चौसष्टेक मीटर. इतक्या जवळ बसलात तर पुढे एक मीटरवर माणूस असला तरी गोळा दिसतो. पण मग मान? चौसष्ट मीटरवरून नव्वद मीटर उंच बघायचं म्हणजे मान पन्नास अंशांच्या वर उचलायची, तीही पंधरा मिनिटं. उभा माणूस कमरेतून मागे झुकतो. बसलेल्याची पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली असते, त्यामुळे सगळा भार मानेवर. ताईच्या खुर्चीला डोक्याचा आधार नाही, आणि ज्यांच्या मानेतच दुखणं आहे त्यांना तर हे अशक्यच.

म्हणून मागे जायचं. उंचीच्या दुप्पट अंतर ठेवलं की नजर सत्तावीस अंशांवर येते, घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तेवढी. पण मागे गेलं की पुढच्या माणसाची सावली लांब पडते, हे विसरायचं नाही. १८० मीटरवर, पुढचा माणूस एका मीटरवर असला तर शंभर मीटरपर्यंत सगळं झाकलं, म्हणजे आपला नव्वद मीटरचा गोळा गेला. दोन मीटरवर असला तर पन्नासपर्यंतच झाकलं, गोळा पूर्ण दिसतो. तर आकाशातल्यासाठी सूत्र हे: लांब जा, पण पुढचे दोन मीटर राखा.

भुईवरच्यासाठी मात्र हे चालत नाही. कारंजं, लेझर, परेड, मंचावरचं नृत्य, रावण... इथे नजर जवळजवळ आडवी जाते, आणि पुढे उभा माणूस पाच मीटरवर असो की दहा, त्याचं डोकं मध्ये येणारच. इथे दोनच उपाय. एक तर खरोखर पहिली रांग, जिच्या पुढे कोणी येऊच शकत नाही. नाहीतर उंचवटा. किती उंच? पुढच्याचं डोकं १७०, आणि स्टेडियम बांधणारे लोक पुढच्याच्या डोक्यावरून नजर किती वर जावी याचं माप ठेवतात: बारा सेंटीमीटर असेल तर उत्तम, नऊ चालतात, सहा म्हणजे मान इकडेतिकडे करत बसा. बारा धरले तर डोळा १८२वर हवा. ताईचा डोळा ११५वर. उंचवटा ६७ सेंटीमीटरचा. आणि त्यावर चढायला एकास बारा उताराचा रॅम्प लावायचा तर तो आठ मीटर लांब होईल.

आठ मीटर रॅम्प म्हटलं की आयोजकांचा चेहरा पडतो, हे मला माहीत आहे. पण मंडळी, आपल्या प्रत्येक कार्यक्रमात उंचवटा असतोच की! त्यावर पांढरे कव्हर घातलेले सोफे असतात. सोफ्यांपुढे पाण्याच्या बाटल्यांचं टेबल, टेबलापुढे दोरी, दोरीपुढे मोकळी जमीन, आणि त्या मोकळ्या जमिनीत कोणी येऊ नये म्हणून एक माणूस उभा. प्रमुख पाहुणे बसून बघणार, त्यामुळे त्यांच्या पुढे कोणी उभं राहता कामा नये, हे मांडववाल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बसलेल्या माणसाच्या नजरेचं गणित आपल्याला उत्तम येतं. ते कुणासाठी वापरायचं एवढंच ठरलेलं आहे. (हे बोलताना माझा आवाज जरा चढला होता, ज्यांनी ऐकलंय त्यांनी माफ करा.)

'उभी राहणारी गर्दी' हा मुद्दा एका देशात कोर्टापर्यंत गेला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टनमध्ये १९९०च्या दशकात एमसीआय सेंटर नावाचं बास्केटबॉल आणि हॉकीचं मोठं स्टेडियम उभं राहत होतं. अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने दावा केला की व्हीलचेअरच्या जागा आहेत, पण पुढचे प्रेक्षक उभे राहिले की तिथून काही दिसणार नाही. बांधणाऱ्यांचं म्हणणं साधारण असं की बसलेल्या प्रेक्षकांवरून दिसतं, तेवढं पुरे. १९९७मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सैनिकांच्या बाजूने कौल दिला: बहुतेक सगळ्या व्हीलचेअर जागांवरून उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरूनही दिसलं पाहिजे. पुढे दुसऱ्या एका कोर्टाने याच्या उलट निकाल दिला, त्यामुळे काही वर्षं गोंधळ राहिला. शेवटी २०१०च्या मानकांत हे स्पष्ट लिहिलं गेलं. जिथे प्रेक्षक उभे राहणं अपेक्षित आहे, तिथे व्हीलचेअरवरून उभ्यांच्या वरून किंवा मधून दिसलंच पाहिजे. शिवाय प्रत्येक व्हीलचेअरशेजारी सोबत्याची जागा.

हे मला का पटलं सांगते. हरमनप्रीतचा तो झेल आठवा. चेंडू हवेत गेला त्या क्षणी स्टेडियममध्ये बसून कोण राहिलं असेल? लोक कंटाळवाण्या षटकात बसून असतात आणि जे बघायला आलेले असतात नेमकं त्याच क्षणी उभे राहतात. नियम बसलेल्या प्रेक्षकांना धरून केला, तर तो कंटाळवाण्या षटकांपुरताच नियम होतो.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे. त्याच्या कलम २९मध्ये सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, आणि सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोक वापरतात अशा खासगी इमारतीही येतात. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही गोष्टी सक्तीच्या करा. मोठा निकाल आहे, त्यावर वेगळा भाग करू. पण माझा अनुभव असा की आपल्याकडे ही चर्चा दाराशी सुरू होते, रॅम्पवरून जाते आणि शौचालयाशी थांबते. ते सगळं हवंच, त्याशिवाय माणूस आतच येणार नाही. पण आत आल्यावर त्याला दिसतंय का, हे विचारायला कोणी खाली वाकत नाही.

अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत परेडसाठी आणि रात्रीच्या आतषबाजीसाठी व्हीलचेअरवाल्यांच्या ठरलेल्या जागा असतात. पहिला येईल त्याला जागा, आणि सोबत मोजकीच माणसं. म्हणजे दहा जणांचं कुटुंब गेलं तर ते फुटतं, काही आत, काही बाहेर. तेही काही आदर्श नाही. पण निदान ती जागा नकाशावर असते आणि तिच्यासाठी कर्मचारी नेमलेला असतो.

आपण खोपोलीच्या इमॅजिकाला निघालो, किंवा एखाद्या रिसॉर्टच्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाला, तर फोनवर काय विचारतो? "व्हीलचेअर चालते का?" पलीकडून उत्तर येतं, "हो मॅडम, चालते ना." संपलं. ताईने आता प्रश्न बदललेत. शो जमिनीवरचा आहे की आकाशातला? लोक उभे राहून बघतात की बसून? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: माझ्यापुढे कोणी उभं राहू नये हे कोण बघणार, त्या माणसाचं नाव काय? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा फोनवर शांतता पसरते. पण दोनदा असं झालं की पलीकडच्याने "थांबा, विचारून सांगतो" म्हटलं आणि खरंच परत फोन केला.

ठरलेली जागा नसेल तर आपली आपण शोधायची. दिवसा जाऊन या, किंवा निदान दीड-दोन तास आधी. मोबाइलचा कॅमेरा ११५ सेंटीमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या साधारण छातीखाली, धरा आणि फिरा. तुमच्या माणसाची उंची वेगळी असेल, ती मोजून घ्या. ज्या गोष्टींच्या पुढे माणूस उभा राहू शकत नाही अशा गोष्टी हेरा: झाडांचं आळं, फुलांचा वाफा, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं वरचं टोक, पाणी. पाण्याला तोड नाही. नवी मुंबईत खाडी आहे, तळी आहेत, आणि पाण्यावर कोणी उभं राहत नाही. फक्त कठड्यावर लक्ष ठेवा. कठड्याची वरची दांडी बऱ्याचदा बरोबर बसलेल्याच्या डोळ्यांच्या रेषेत येते, जणू मापच घेतलंय. आकाशातल्या गोळ्यांना ती आडवी येत नाही, पण पाण्यावरचं कारंजं किंवा लेझर मधोमध कापते.

रॅम्पवर बसून बघायचा मोह होतो, कारण तो उंच असतो. नका बसू. उतारावर ब्रेक लावून पंधरा मिनिटं बसणं म्हणजे सगळा वेळ लक्ष चाकांकडे, शिवाय मागून येणाऱ्या दुसऱ्या खुर्चीची वाट अडते.

वारा पाठीवर घ्या. धूर समोर जाऊ दे. पदर किंवा रुमाल हातात धरला की दिशा कळते, ॲप लागत नाही. पण आपल्याकडे संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा रात्र चढली की मंदावतो, कधी उलटाही फिरतो, त्यामुळे सहा वाजता बघितलेलं बारा वाजता खरं असेलच असं नाही.

आणि सोबतच्या माणसाने घडीचं स्टूल न्यावं. हा माझा स्वतःचा शोध, आणि सगळ्यात उशिरा लागलेला. सहा वर्षं मी खुर्चीच्या मागे उभी राहिले, म्हणून मला कधी कळलंच नाही. शेजारी त्याच उंचीवर बसलात तर पुढे कोणी आलं की तुम्हालाही दिसेनासं होतं, आणि मग तुम्ही आपोआप तोंड उघडता.

आमच्या इमारतीची गच्ची ही खरं तर सगळ्यात छान जागा. अठराव्या मजल्यावरून सगळं नेरूळ दिसतं. लिफ्ट अठराव्यापर्यंत जाते, आणि गच्चीला तिथून चौदा पायऱ्या आहेत. दोघांनी उचलून नेता येतं, नेलंही आहे. पण ताईला ते आवडत नाही, आणि मी आता आग्रह करत नाही.

या ३१ डिसेंबरला आम्ही खाडीच्या बाजूच्या एका मोकळ्या रस्त्यालगत गेलो. साडेदहालाच. पुढे वाफा, त्यापलीकडे कठडा, त्यापलीकडे पाणी. मी स्टूलवर. पावणेबाराला एक कुटुंब आलं आणि वाफ्यातच शिरून उभं राहिलं, छोट्याला खांद्यावर घेऊन. म्हणजे माझ्या गणितात १७० धरलेला माणूस एकदम सव्वादोन मीटरचा झाला. मी उठणार तोच ताईने हाक मारली, "दादा, मी बसलेय इथे, जरा डावीकडे सरकाल?" त्याने मागे वळून बघितलं, जीभ चावली आणि सरकला. मग त्याच्या जागी दोन मुली आल्या. त्यांनाही सांगितलं. बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत तिने तीन वेळा लोक हलवले, एकदा जरा चिडून. पलीकडच्या काठावरचे गोळे दिसले, खालचे शॉट अर्धे दिसले, शेवटी धुराने सगळंच पुसलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, दाखवा की मला व्हिडिओ. या वेळी मी काढलाच नव्हता. ताई चहा होईपर्यंत तिला सांगत बसली होती, कुठला हिरवा होता आणि कुठला फुटून परत फुटत होता ते.